काकू, गोळी का सोडलीत?

चेन्नईत अण्णा नगरच्या टॉवर पार्कात तिसऱ्या फेरीला काकूंनी बातमी दिली. "बीपीची गोळी सोडली हं मी. दोन महिने झाले. एकशेतीस-ऐंशी येत होतं, मग उगाच कशाला? जन्मभर खाऊन किडन्या जातात म्हणे."

"सोडल्यापासून मोजलंत?"

"मला काही होतच नाहीये. मोजायचं काय त्यात?"

माझे पाय थबकले. माझा मामा अगदी हेच म्हणायचा. त्याच्या उशाखाली सापडलेली स्ट्रिप अजून डोळ्यांपुढे आहे. चार गोळ्या फोडलेल्या, अकरा तशाच, कडा दुमडून काळी पडलेली. उजवं अंग गेलं तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. पुढची नऊ वर्षं मामीनं त्याला भरवलं.

काकू, ते एकशेतीस-ऐंशी गोळीनं आणलं होतं. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर ते घात करतं. आणि किडन्या पोखरतं ते हे वाढलेलं बीपीच. गोळी त्यांची राखण करते.

'जन्मभर'ची धास्ती मला कळते. पण या गोळ्या काल-परवाच्या नाहीत. अमेरिकेत साठीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांवर क्लोरथॅलिडोन या बीपीच्या गोळीची चाचणी झाली, तिचा निकाल १९९१ साली आला. २०११ मध्ये, सुरुवातीपासून बावीस वर्षांचा हिशेब मांडला गेला. महिनाभर घेतलेल्या गोळ्यांमागे हृदयविकार-पक्षाघाताचा मृत्यू साधारण एक दिवस लांबला होता. महिन्याला एक दिवस कमी वाटतो? मामीला विचारा. ऐंशी ओलांडलेल्यांवरची चाचणी तर २००७ साली मुदतीआधीच थांबवली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू स्पष्टपणे कमी दिसले.

त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजतात. रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला पाठ सोडत नाही. पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं. म्हणून तर डॉक्टर क्रिएटिनिन, पोटॅशियम, सोडियम तपासायला सांगतात. त्रास झाला तर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, वजन आणि मीठ उतरलं तर कधी गोळीही कमी होते. पण हे डॉक्टरांबरोबर बसून करायचं. काही गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी उसळतं.

"त्यापेक्षा झाडपाल्याचं घेते, त्याला साइड इफेक्ट नसतात," हेही काकूंनी ऐकवलं. मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातून निघालेल्या रेसर्पिननं बीपी खरोखर उतरायचं. त्याच रेसर्पिननं काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदीही पुढे झाल्या. अंगाला लागू पडणारं औषध झाडाचं असो की कारखान्याचं, ते मोजूनमापूनच घ्यावं लागतं.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तमिळनाडूत २०२० च्या सर्वेक्षणात बीपी असलेल्या शंभरांतल्या जेमतेम सातजणांचं बीपी आटोक्यात होतं. म्हणून २०२१ च्या ऑगस्टपासून 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' या योजनेत बायका दारोदार जाऊन बीपी-मधुमेहाच्या गोळ्या फुकट पोचवतात. भर उन्हात, जिने चढून. आणि इथे शांती कॉलनीत, दर शंभर पावलांवर औषधाचं दुकान असताना, शिकलीसवरली माणसं मोबाइलवर आलेला निरोप वाचून गोळी सोडतात.

उद्या मी पिशवीत बीपीचं मशीन घेऊन जाणार आहे. काकूंना बाकावर पाच मिनिटं गप्प बसवीन, पाठ टेकवून. मग दंडाला पट्टा बांधून आकडा त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगेन.