घाव मुद्दलावर घाला

15 लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षांची मुदत. हप्ता बसतो 13,017 रुपयांचा. आता सांगा, पहिल्या हप्त्यातून घराचे किती फिटले? फक्त 2,392. बाकीचे 10,625 व्याजात गेले. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात, म्हणजे 7 लाख 81 हजार मोजलेत, तरी बँकेचं 13 लाख 22 हजारांचं देणं बाकीच असतं. नवा फ्लॅट घेतलेल्या कुठल्याही जोडप्याला हा आकडा विचारा. रंग कुठला लावला, मॉड्युलर किचनला किती लागले, हे पटापट सांगतील. मुद्दल किती उरलं, हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

यात फसवणूक कुठेही नाही. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, म्हणून व्याजही मोठं. पण याच हिशेबाची दुसरी बाजू कर्जदाराच्या बाजूने उभी राहते आणि ती त्याला कोणी सांगत नाही. हप्त्याच्या वर भरलेला रुपया व्याजाच्या वाटेला जात नाही. तो सगळाच्या सगळा मुद्दलावर पडतो. याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा 2,000 रुपये जास्तीचे भरले, तर 20 वर्षांचं कर्ज साडेचौदा वर्षांत संपतं आणि व्याजाचे पाच लाखांहून अधिक रुपये वाचतात. व्याजदर तोच राहिला असं धरून केलेला हा हिशेब आहे. दर हलला की आकडे हलतील, दिशा बदलणार नाही.

हे सगळं मी माझ्या भाचीच्या घरात बसून कागदावर मांडलं. तिचं सासर पोखर्णीचं. परभणी-परळी लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' नावाचं स्थानक आहे, तेच नृसिंहाचं पोखर्णी. जावई परभणीत बियाण्यांच्या कंपनीत, भाची खासगी शाळेत. दोघांनी परभणीत छोटं रो-हाऊस घेतलं आणि दुसऱ्याच महिन्यापासून जास्तीचे पैसे भरायला लागली. ज्वारी आणि तूर पोखर्णीच्या शेतातली येते. दोघांचे डबे घरून जातात. जावयाची मोटरसायकल लग्नाच्या आधीची आहे. भाची गावाकडे जाते ती एसटीने, कारण मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. उन्हाळ्यात परभणीचं ऊन डोकं फिरवतं, तरी घरात एसी नाही, कूलर आहे. फोन जुना झाला म्हणून नव्हे, बंद पडला तरच बदलायचा. यात कुणाला उपाशी ठेवलेलं नाही, कुणाचं औषध थांबवलेलं नाही.

आणि या पोरांना नावं ठेवणारे किती! "दोघं कमावता अन् अजून फटफटीवरच?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत एकही जण त्यांचा हप्ता भरत नाही. वास्तुशांतीला पंगत छोटी केली तर तोंड वाकडं करणारे हेच. लेकराच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल घेतला नाही, चौकात फ्लेक्स लावला नाही, तर 'हात आखडता आहे' म्हणणारे हेच. मी स्पष्ट सांगतो: कर्ज काढून हॉल घेणाऱ्याला आपण दिलदार म्हणतो आणि कर्ज फेडायला हॉल टाळणाऱ्याला चिकट म्हणतो, ही आपली गावठी नव्हे, चांगली शिकलेली, नोकरदार मराठवाड्याची खोड आहे. ती मोडली पाहिजे. आहेरात शोभा, मांडवात शोभा, आणि महिनाअखेरीला हातउसने! तरुण जोडप्यांना यातून बाहेर पडायचं असेल तर घरातल्या मोठ्यांनी आधी गप्प बसायला शिकावं.

आता खरी ठेच लागली ती कुठे, ते सांगतो. काटकसरीत नाही, बँकेच्या खिडकीपाशी. भाची म्हणाली, "मामा, पैसे तर भरायलोत आम्ही, पण मुद्दल हलायलंच नाही." कर्जखात्याचा उतारा मागवला. जास्तीचे पैसे खात्यात होते, पण 'आगाऊ हप्ता' म्हणून पडून होते. मुद्दलातून वजाच झाले नव्हते. म्हणजे पोरांनी कूलरवर उन्हाळा काढला आणि त्या पैशाने व्याजाचा एक रुपया वाचला नाही. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच बँकेचा नाही. काही ठिकाणी जास्तीची रक्कम आपोआप मुद्दलातून जाते, काही ठिकाणी 'अंशतः परतफेड' असं लिहून द्यावं लागतं. पैसे भरणाऱ्याने हे कसं ओळखायचं? खिडकीवरच्या माणसाने आपणहून सांगायला नको? विमा विकताना तोच माणूस खुर्ची पुढे सरकवतो, चहा मागवतो. मुद्दल कमी करायला आलेल्या माणसाला मात्र 'पुढच्या आठवड्यात या'.

'वर्षातून एकदाच भरता येतं', 'दंड लागेल', ही वाक्यंही सर्रास कानावर येतात. तरत्या व्याजदराचं, म्हणजे फ्लोटिंग रेटचं गृहकर्ज व्यक्तीच्या नावावर असेल तर ते मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेने दंड घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने जून 2012 मध्येच सांगून ठेवलं आहे. जुलै 2025 च्या निर्देशांत ते आणखी पक्कं केलं: पैसा कुठून आणला हे विचारायचं नाही आणि अमुक महिने थांबा अशी अटही घालायची नाही. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांना हे निर्देश लागू आहेत. स्थिर दराचं कर्ज असेल तर मात्र करारपत्र वाचा, तिथे शुल्क असू शकतं.

दुसरा घोळ मुदतीचा. जास्तीचे पैसे भरल्यावर बँक दोन गोष्टी करू शकते: हप्ता कमी करते किंवा मुदत कमी करते. हप्ता कमी झाला की बरं वाटतं, पण मुदत तशीच राहते आणि व्याज फार वाचत नाही. मुदतच कमी करून घ्यायची, आणि तीही तोंडी नव्हे, लेखी. आता आठवा, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा काय झालं होतं? असंख्य कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. 60 व्या वर्षापर्यंत फिटणारं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलं आणि ज्याचं कर्ज त्यालाच पत्ता नाही! म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या आणि दर तिमाहीला मुद्दल किती गेलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले याचं विवरण उपलब्ध करून द्या.

2025 मध्ये गाडी उलटी फिरली. फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. हप्ता कमी झाल्याचा संदेश आला की घरात आनंद होतो. तो आनंद जरा आवरा. आपल्या 15 लाखांच्या उदाहरणात दर फक्त अर्धा टक्का खाली आला, तर हप्ता 470 रुपयांनी कमी होतो. तो कमी न करता जुनाच हप्ता चालू ठेवला, तर कर्ज 20 महिने आधी संपतं. जो हप्ता आजवर भरत होता तोच भरायचा आहे, घरातली एकही सवय बदलायची नाही. इतकी सोपी बचत दुसरी नाही, आणि हीच बहुतेक जण हातची घालवतात.

'गृहकर्ज लवकर फेडू नका, त्यापेक्षा म्युच्युअल फंडात एसआयपी करा' असा सल्ला देणारे जागोजागी भेटतात. बाजारातून जास्त परतावा मिळू शकतो, हे खरं. पण मिळेलच याची हमी नाही. साडेआठ टक्क्यांचं व्याज वाचतं ते मात्र नक्की वाचतं. करसवलतीचा मुद्दाही आता पहिल्यासारखा उरला नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच भरावा लागत नाही. मग 'कर वाचतो म्हणून कर्ज ठेवा' हे कुणासाठी? परभणीत नोकरी करणाऱ्या किती तरुणांचा पगार त्याच्या वर आहे?

मात्र आंधळेपणाने भरत सुटू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला 36 ते 42 टक्क्यांपर्यंत जाते. ती असताना गृहकर्जात जास्तीचे पैसे भरणं हा उलटा कारभार आहे. सावकार, सोनेतारण, वैयक्तिक कर्ज, हे आधी फेडा. शेती असेल तर पीककर्ज मुदतीत भरा, कारण तीन लाखांपर्यंतची शून्य टक्के व्याजाची सवलत वेळेवर भरणाऱ्यालाच आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधून व्याजअनुदान घेतलं असेल तर तिथे मुद्दलाची घाई करू नका; ते पाच वार्षिक हप्त्यांत येतं आणि प्रत्येक वेळी कर्ज चालू असावं व निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावं अशी अट आहे. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय एक रुपयाही जास्तीचा भरू नका. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्याने पाहिलं, काढणीला आलेलं सोयाबीन चार दिवसांत कसं पाण्यात जातं. त्या महिन्यात भाची-जावयाने बँकेत जास्तीचं काही भरलं नाही, पैसे पोखर्णीला पाठवले. बरोबर केलं. बँकेत गेलेलं मुद्दल अडीनडीला परत मागता येत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. आपल्याकडे काटकसरीची सुरुवात बाईच्या ताटापासून होते. दूध कमी करा, फळं बंद करा, तिची साडी पुढच्या वर्षी, तिच्या कंबरदुखीचा डॉक्टर नंतर. याच घरात नवऱ्याची टपरी, पुड्या, शनिवारचा ढाबा मात्र चालू. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तरी रोजच्या रोज तो तोंडात आहे; त्याचा महिन्याचा हिशेब कोणत्याच घरात मांडला जात नाही. अशा घराने कर्ज दहा वर्षं आधी फेडलं तरी मी त्याचं कौतुक करणार नाही. भाचीच्या घरात मला आवडलं ते हे, की जावयाने आधी स्वतःचा खर्च कापला. तंबाखू सुटली, मग मित्रांबरोबरची जेवणं महिन्यातून एकदाच. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात दोघांपैकी जो रिकामा असेल तो शिल्लक मुद्दलाचा आकडा पेनाने लिहितो. घर दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या नावावर आहे, आणि बँकेचा पासवर्ड दोघांना पाठ आहे. असं असेल तरच बायकोला सांगा की 'आपण' बचत करतोय.

शेतीकर्जाची माफी या राज्याने 2017 मध्ये पाहिली, 2019 मध्ये पाहिली. शेतकऱ्याची ती गरज होती आणि आहे. पण त्या सवयीने गृहकर्जाकडे पाहू नका. ते कुणी माफ करणार नाही. थकलं तर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते आणि पुढे घराचा ताबा घेऊ शकते.

म्हणून या महिन्यात एक काम करा. नवरा-बायको दोघं मिळून बँकेत जा. कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा, मुद्दलाचा आकडा बघा. 'जास्तीची रक्कम मुद्दलात वजा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' एवढं एका कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात मुद्दल तेवढ्याने उतरलं नसेल तर पुन्हा जा. आणि शेवटचा हप्ता भराल तेव्हा हेही लक्षात असू द्या: 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे कर्ज फिटल्यावर 30 दिवसांच्या आत घराची मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजा उतरवायचा ही बँकेची जबाबदारी आहे, आणि तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तिने तुम्हाला द्यायची आहे.