उड्डाण मंडळाचा भूसंचार

महाविद्यालयात निघणाऱ्या मंडळांना नावे देताना संस्थापक जी कल्पनाशक्ती खर्च करतात, तिचा शतांश जरी पुढे घटना लिहिताना शिल्लक राहता, तर आमच्या उड्डाण मंडळाच्या उद्दिष्टांत ‘सभासदांकडून पायपीट करविणे’ हे कलम अग्रभागी घातले गेले असते. नाट्यमंडळाचे सभासद निदान वर्षातून एकदा तोंडाला रंग फासतात, आणि वादविवाद मंडळाचे तर वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. परंतु आकाशाशी नाते सांगणारे आम्ही मात्र काट्याकुट्यांतून, चिखलातून आणि परक्यांच्या कुंपणांवरून इतके हिंडलो, की भूमापन खात्याने आम्हांस बिनपगारी उमेदवार म्हणून घेतले असते तरी त्याचा तोटा झाला नसता.

मुंबईला विमानविद्येचे वेड तसे जुने. जुहूस १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला, पुढल्याच वर्षी १० फेब्रुवारीला जे. आर. डी. टाटा यांनी हिंदुस्थानातील पहिला वैमानिकी परवाना मिळविला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, वाटेत अहमदाबादेस थांबून, ते जुहूस उतरले. अहमदाबादेहून मुंबईस जाणारा मनुष्य, मग तो आगगाडीने जावो की आकाशातून, डहाणू चुकवूच शकत नाही, असे आमच्या गावातील वृद्धांचे ठाम मत असल्यामुळे, ते विमान आपण डोळ्यांनी पाहिले अशी जबानी देणारे इतके साक्षीदार माझ्या लहानपणी पारनाक्यावर उपलब्ध होते, की त्या दिवशी गावात कोणी मान खाली घालून काम करीत होते की नाही, याविषयी मला शंकाच येई. पुढे १९५० साली राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेची पहिली पथके मुंबई व कलकत्ता येथे उभी राहिली, निळसर गणवेशातील छात्र दिसू लागले, आणि ज्यांना तो गणवेश मिळाला नाही अशा आम्हां काही जणांच्या असंतोषातून उड्डाण मंडळाचा जन्म झाला.

मंडळाची पहिली सहल अर्थातच जुहूस गेली. त्या काळी वैमानिकी शिकविणाऱ्या संस्थांत बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनविलेले ‘पुष्पक’ विमान नव्याने रुजू झाले होते. १९५८ साली प्रथम उडालेल्या या विमानाचे नामकरण करणाऱ्याने पुराणे वाचली असली पाहिजेत, परंतु ती शेवटपर्यंत वाचली नसावीत. कारण कितीही माणसे चढली तरी आणखी एकाला जागा उरते अशी रावणाच्या पुष्पकाची ख्याती, तर या पुष्पकात आसने दोनच, आणि त्यांतील एक शिक्षकाचे. उरलेल्या एका आसनावर सगळ्या मंडळाचा हक्क असल्याने तंट्याचा निवाडा होईना. तेव्हा कुंपणाच्या तारेला धरून उभे राहावे, विमान उडताना टोपी सांभाळावी आणि उतरल्यावर टाळ्या वाजवाव्यात, एवढ्यावर भागले. परतीच्या वाटेत भौतिकशास्त्राच्या ज्या प्राध्यापकांना आम्ही अध्यक्ष नेमले होते त्यांनी असा विचार मांडला, की ज्या विमानात आपण बसू शकत नाही त्यापेक्षा ज्यात कोणीच बसू शकत नाही असे विमान अधिक न्याय्य. आणि अशा रीतीने मंडळ नमुना-विमानांकडे वळले.

या विमानांना बाल्सा नावाचे लाकूड लागते. ते दक्षिण अमेरिकेत, मुख्यत्वे इक्वेडोरात होते, आणि परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या दिवसांत लाकडाची चार पाने मिळविण्यासाठी खजिनदारास मुंबईतील इतक्या दुकानांचे उंबरठे झिजवावे लागले, की मंडळाचे पहिले दीर्घ अंतराचे विक्रम त्याच्याच नावावर लागले पाहिजेत. पंखांवर पातळ कागद ताणून चिकटवायचा, त्यावर रोगण द्यायचे, आणि नाकात शिशाचा तुकडा घालून तोल साधायचा, या कामात दोन सत्रे गेली. मग मोकळे मैदान कोठे, असा प्रश्न निघाला, आणि माझे घर डहाणूस असल्याचे व घरी आई असल्याचे कोणाच्या तरी स्मरणात होते.

आम्ही निघालो त्या संध्याकाळी आमच्या पॅसेंजर गाडीला एका स्थानकावर बाजूला काढून ठेवण्यात आले, आणि ज्या गाडीसाठी हा आदर दाखविण्यात आला ती सुरतेस जाणारी ‘फ्लाइंग राणी’ आमच्या खिडक्यांची तावदाने खडखडवीत निघून गेली. नावात उड्डाण असलेली दोन प्रतिष्ठाने त्या रुळांवर अशी समोरासमोर आली असता कोणाची उभे राहण्याची पाळी आली, हे चिटणीसांनी इतिवृत्तात नोंदविले नाही.

डहाणूची चौपाटी ओहोटीला अशी लांबवर उघडी पडते, की विमान उतरवायला तीहून प्रशस्त जागा कोठे असेल असे कोणालाही वाटावे. परंतु हवेचे शास्त्र जागेच्या प्रशस्तपणावर चालत नाही. समुद्रावरून येणारा वारा थंड आणि सपाट असतो, त्यात वर उचलणारे ऊन हवेचे लोट नसतात. आमचे पहिले विमान दोरीने वर ओढून सोडले तेव्हा ते सुरूच्या झाडांकडे शिस्तीत सरकत जाऊन टेकले. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण बारा सेकंदांचे व एकशेवीस फुटांचे होते, ते आपण कालमानाने व अंतरानेही मागे टाकले, अशी घोषणा चिटणीसांनी तेथल्या तेथे केली. त्या विमानात माणूस होता, हा किरकोळ तपशील त्यांनी वगळला. दुसरे उड्डाण एका ताडाच्या शेंड्यावर समाप्त झाले. दारूबंदीचा कडक अंमल असल्यामुळे, ताडावर सराईतपणे चढणारा इसम डहाणूत मिळणे मुळीच अवघड नव्हते. पण ‘मला चढता येते’ असे चारचौघांत कबूल करणारा इसम मिळणे दुरापास्त होते. अखेरीस अंधार पडल्यावर कोणीतरी, आपला चेहरा न दाखविता, ते विमान दोरीने खाली सोडले. सोडण्याची पद्धत इतकी हलकी व अचूक होती, की त्या दोरीला पूर्वी मडक्यांचीच सवय असावी हे उघड होते.

वर उचलणारी हवा पाहिजे तर समुद्र सोडून आत गेले पाहिजे, असे प्राध्यापक महाशय म्हणाले, आणि आम्ही एसटीने तलासरीकडे निघालो. वाटेत महालक्ष्मीचा सुळका लागला. चैत्रातील यात्रेत देवीचा ध्वज त्याच्या माथ्यावर लागतो. देवीचा कौल कोणाला काय मिळतो ते मिळो, वाऱ्याची दिशा पाहण्यास पंचक्रोशीत याहून विश्वसनीय निशाण नाही, असे आमच्यातील एक नास्तिक हात जोडीत म्हणाला.

उधव्याच्या बाजूला एका माळावर आम्ही तळ दिला. वर घारी पंख न हलविता चकरा घेत होत्या, म्हणजे ऊन हवेचा लोट तेथेच होता. आता अशा लोटात सापडलेले विमान खाली येण्याचे नाव घेत नाही. म्हणून शेपटीशी एक जळती वात बांधतात, ती ठरावीक वेळाने रबराचा पट्टा जाळून तोडते, शेपूट वर उचलले जाते आणि विमान मुकाट खाली बसते. या युक्तीला जाणकार ‘डी. टी.’ म्हणतात. अध्यक्षांनी काडी ओढली, आणि इतका वेळ ‘यात माणूस कुठे बसतो?’ एवढेच विचारून कौतुकाने पाहत उभा असलेला एक वृद्ध वारली गृहस्थ पुढे होऊन त्यांच्या हातावर हात ठेवता झाला. सभोवार कापलेल्या गवताच्या गंजी होत्या.

गवत म्हणजे काय हे त्या तालुक्यास शिकविण्याची आवश्यकता नव्हती. मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या या गवताच्या कापणीचा दर ठरवून घेण्यासाठी, १९४५ साली येथून जवळच झरी गावी भरलेल्या परिषदेनंतर, गोदावरी व शामराव परुळेकरांच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी संप केला होता, गोळीबार सोसला होता. अशा गवताशेजारी मुंबईचा एक प्राध्यापक आकाशात निखारा पाठवू पाहतो, हे दृश्य त्या वृद्धास मान्य नसले तर त्यात त्याचे काय चुकले, हे मला आजही सांगता येणार नाही. अध्यक्षांनी ज्वलनाच्या गतीचे गणित मांडले. म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि काडीपेटी स्वतःच्या कनवटीला लावली.

वात न पेटविताच विमान सोडण्यात आले. ते घारींमध्ये गेले, घारींनी थोडी जागा करून दिली, आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर चकरा घेत घेत ते पूर्वेकडे सरकू लागले. पाड्यावरची पोरे पुढे, आम्ही मागे, आणि सर्वांत मागे छत्री उघडून अध्यक्ष, अशी ती वरात ओढे ओलांडून निघाली. राज्यपुनर्रचनेने या प्रदेशाचे जे केले आहे ते नकाशावर पाहून समजत नाही, धावताना समजते. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग १ मे १९६० रोजी गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात उरली; पूर्वेला नगर हवेली, जी १९५४ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती आणि १९६१ पासून केंद्रशासित झाली. आमचे विमान महाराष्ट्राची सरहद्द कोणत्याही परवान्यावाचून ओलांडून नगर हवेलीत एका घराच्या छपरावर उतरले. घरच्या बाईने कोंबड्यांनी फाडू नये म्हणून ते आढ्याला टांगून ठेवले होते, आणि आम्ही पोहोचल्यावर विमानाआधी पाणी दिले. काढताना मधला जोड निखळला. परतीस बैलगाडी करावी लागली.

खरा प्रवास यानंतर सुरू झाला. कार्यालयातील नोंदवहीत ‘विमान १’ अशी जिन्नसवार नोंद होती. आम्ही परत जमा केले ते दोन तुकडे. हेडक्लार्कांनी चष्मा पुसून ‘विमाने २ (लहान)’ अशी दुरुस्ती केली व मंडळाच्या भरभराटीबद्दल समाधान व्यक्त केले. मुद्देमाल महाराष्ट्राबाहेर नेण्यास पूर्वमंजुरी होती काय, असा शेरा आला. त्यावर विमान आपखुशीने गेले, अशी लेखी कैफियत अध्यक्षांच्या सहीने देण्यात आली, आणि तीवर ‘साक्षीदार कोण’ असे विचारण्यात आले. साक्षीदार घारी होत्या. पुढे हिशेबतपासनीसांपुढे प्रकरण गेले तेव्हा त्यांनी आगगाडीची, एसटीची आणि बैलगाडीची देयके एकाखाली एक मांडून, सबब सर्व प्रवास भूमीवरून झालेला असल्यामुळे हा खर्च ‘उड्डाण’ या सदरी मंजूर करता येत नाही, असा निर्णय दिला, आणि ती रक्कम भूगोल विभागाच्या सहलीखाती वर्ग केली.