सूखारची विहीर, तालुका नेवासा

नगरकडच्या माणसाला पवित्र शास्त्राचा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. पावसाने साडेतीन वर्षं दडी मारणं, मेंढरांमागे रानोमाळ हिंडणं, विहिरीवरून भांडणं. एलियाच्या दुष्काळाचं वाचन चाललं की पाथर्डी-पारनेरकडची म्हातारी माणसं ओळखीच्या गावाची खबर ऐकल्यासारखी मान हलवतात. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे साहेब नगरला आले ते बर्फाच्या मुलखातून. हातातलं पुस्तक त्यांच्यापेक्षा समोरच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाच जास्त जवळचं निघालं असेल, अशी मला आपली एक गोड शंका आहे.

त्यातही योहानाचा चौथा अध्याय. भर दुपारी, सूखार गावच्या विहिरीवर प्रभू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि ती चकित होते: तुम्ही यहूदी, आणि माझ्या हातचं पिणार? या प्रश्नावर विद्वानांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मंडळीला ती लागली नसावीत. इथे बाप्तिस्मा घेतलेले बहुतेक महार-मांग समाजातले. त्यांच्या पणज्या विहिरीपासून दूर घागर ठेवून, कुणाला दया येऊन तो पोहरा वरून रिता करील का, याची वाट बघत उभ्या राहिलेल्या. उलट बाजूची गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’त सांगितली आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही सोवळं कसं सुटेना, आणि मग कसं एकेक पायरी उतरत गेलं, हे त्या स्वतःलाच हसत सांगतात. माझी या अध्यायाबद्दल एकच तक्रार आहे. ती बाई आनंदाच्या भरात घागर तिथेच टाकून गावात धावते. टँकरच्या गावात असं कुणी करत नाही. परत येईस्तोवर नंबर गेलेला असतो.

पुढची गोष्ट शास्त्रात नाही, राजपत्रात आहे. 1950च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956मध्ये शीख आणि 1990मध्ये बौद्ध आत आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याने जात धुऊन निघते यावर पाळकसाहेबांचा विश्वास असतोच, पण सरकारचा त्याहून गाढ. खुद्द मंडळीत मात्र सोयरीक जुळवताना, चहा गार होत आला की कुणीतरी हळूच विचारतं, “मूळचे कोण म्हणायचे आपण?” देवाच्या घरातही हा प्रश्न चप्पल काढून आत येतो, एवढाच काय तो त्याचा विनय. 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या धर्मांतरितांच्या प्रश्नावर आयोग नेमला गेला, आणि पुढे त्याची मुदत वाढत गेली.

कधी वाटतं, ती शोमरोनी बाई आज तहसील कचेरीत आली तर? पदराने घाम टिपत खिडकीशी उभी. आतला कारकून चष्मा कपाळावर सरकवून म्हणेल, “मावशी, तुम्ही आता प्रभूच्या झालात ना? मग शोमरोनी कशा?”

“मी नाही म्हणतच, भाऊ,” ती म्हणेल. “तेवढं गावाला कळवा ना.”