लिव्हरपूलचे डबकेकर आणि शहागंजचे कोण?

तीर्थरूप अण्णा व सौ. आई यांचे सेवेशी, मुक्काम शहागंज, छत्रपती संभाजीनगर, लिव्हरपूलवासी कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गावावरून गावच्या माणसाला पडणाऱ्या नावाला या पत्रापुरते ‘रहिवासनाम’ म्हणावे. मराठीत ते घडवणे सोपे आहे, कारण गावाला ‘कर’ जोडला की पुणेकर, नाशिककर तयार होतो आणि मंगेशीच्या मंगेशकरांप्रमाणे तेच पुढे आडनावही होते. इंग्रजीला हा सुटसुटीतपणा मानवत नाही. मँचेस्टरचा माणूस लॅटिन नावाच्या आधाराने मँक्युनियन होतो, ग्लासगोचा नॉर्वेजियनच्या वजनावर ग्लास्वेजियन होतो आणि लिव्हरपूलचा लिव्हरपडलियन ठरतो, कारण गावाच्या नावातल्या ‘पूल’चे, म्हणजे डोहाचे, कोणीतरी थट्टेने ‘पडल’, म्हणजे डबके, करून टाकले आणि गावाने ते अभिमानाने मिरवले. तळेगावकरास कोणी डबकेगावकर म्हटले असते तर पुढे काय घडले असते, हे अण्णांना सांगणे नलगे.

याच लोकांचे दुसरे नाव स्काउसर. मांस, बटाटे, कांदे आणि खलाशांची कडक बिस्किटे एकत्र शिजवून होणाऱ्या ‘लॉबस्काउस’ नावाच्या रश्श्यावरून ते पडले. अख्ख्या शहराला पातेल्यातल्या पदार्थाचे नाव देण्याचा हा न्याय आपल्याकडे लावला, तर शहागंजातील सर्वांस नानखलियावाले म्हणावे लागेल आणि त्यात आपले घर, ज्याने आजवर नानखलियाचा फक्त वास घेतला आहे, तेही विनाकारण गोवले जाईल. बिनमांसाच्या स्काउसला येथे ‘आंधळा स्काउस’ म्हणतात. या कुटुंबात तोच शिजतो आणि त्यात आईने दिलेले येसर पडत असल्यामुळे तो आंधळा असला तरी तिखट असतो.

मराठीचा कारभार मात्र वाटतो तितका सरळ नाही. ‘कर’ हा माणसासाठी, तर ‘ई’ हा बहुधा वस्तूंसाठी आणि जनावरांसाठी राखलेला दिसतो: माणूस कोल्हापूरकर आणि चप्पल कोल्हापुरी, माणूस पैठणकर आणि पैठणी ही साडी, माणूस पंढरपूरकर आणि पंढरपुरी ही म्हैस. प्रदेशांच्या बाबतीत हा नियम सुटतो, म्हणून वऱ्हाडी आणि खानदेशी ही माणसेही असतात. पण त्यामुळे मराठवाड्याची फारच कुचंबणा झाली आहे, कारण ‘मराठवाडी’ ही म्हशीची मान्यताप्राप्त जात असल्याने माणसाला ‘मराठवाड्यातला’ असे लांबलचक म्हणून वेळ निभवावी लागते. उर्दूत ही अडचण नाही. अठराव्या शतकातले शायर सिराज हे ‘औरंगाबादी’ म्हणूनच प्रसिद्ध आहेत आणि त्यांना कोणी साडी समजत नाही.

शब्द एकच आणि अर्थ गावोगाव वेगळा, हाही घोळ आहेच. मुंबईत ‘घाटी’ म्हणजे घाटावरून उतरलेला माणूस, आणि तेही हिणवून. आपल्याकडे मात्र घाटी म्हणजे सरकारी दवाखाना, त्यामुळे ‘त्याला घाटीत नेलं’ हे वाक्य दादरच्या नातलगांना आजही उलगडत नाही.

शहराचे म्हणाल, तर मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी 1626 मध्ये फतेहनगर झाली, 1653 मध्ये औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर; म्हणजे एखादे घराणे सगळा काळ एकाच वाड्यात बसून राहिले असते, तरी त्याला चार रहिवासनामे लाभली असती. लिव्हरपूलच्या शाळेतील अर्जात मूळ गावाचा रकाना जेमतेम बोटभर असल्यामुळे नातीने त्यात ‘शहागंज’ एवढेच लिहिले. त्यावर शिक्षिकेने तेथील लोकांना काय म्हणतात असे विचारले आणि घरात दोन तट पडले: एकास ‘शहागंजकर’ शुद्ध वाटते, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभा असलेला कोणीही माणूस ‘शहागंजवाले’ असेच म्हणेल. प्रत्यय हिंदीचा असला, तरी पत्रलेखकाच्या मते दुसरी बाजू बरोबर आहे.

तरी अण्णांनी सकाळी फिरायला गेल्यावर चार जणांना विचारून निकाल कळवावा. येसर संपत आले आहे. या खेपेस दोन किलो पाठवावे.