दोऱ्याची गाठ

लेकीने कॅलिफोर्नियाची तिकिटं पाठवली त्या रात्री आमच्या बिबवेवाडीच्या घरात भूगोलाचा तास भरला. माळ्यावरून तिच्याच शाळेतला पृथ्वीगोल खाली आला. फूटभर व्यासाचा, अंटार्क्टिकापाशी चेपलेला. हिने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, टोकाला गाठ मारली, ती मुंबईवर अंगठ्याने दाबून धरली आणि म्हणाली, "घ्या, न्या सॅन फ्रान्सिस्कोला."

मी भिंतीवरच्या नकाशाला स्मरून युरोप, अटलांटिक असा निघालो. पण दोरा ताणला तर पठ्ठ्या घसरत घसरत वर गेला आणि सायबेरिया, बर्फाळ आर्क्टिक, अलास्का करत खाली उतरला. "अहो, लेकीकडे जायचंय, अस्वलं बघायला नाही!" पण गोलावर जवळची वाट तीच. सपाट नकाशाने मला साठ वर्षं बनवलं होतं.

मग टेप. दोरा भरला साडेबारा इंचांच्या थोडा पुढे, म्हणजे साधारण १३,५०० किलोमीटर. ताशी ९००ने भागलं की १५ तास. प्रत्यक्षात विमान वारा बघून वाट बदलतं, त्यामुळे थेट गेलं तरी १६ धरायचे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, म्हणून जाण्याचे आणि येण्याचे तासही सारखे नसतात. इथवर सगळं गणितात बसलं.

घोळ पुढे झाला. या गोलावर एक इंच म्हणजे हजारेक किलोमीटर. आमच्या दारापासून मुंबईचा विमानतळ दीडशे. म्हणजे साडेतीन-पावणेचार मिलिमीटर. हिने मारलेल्या गाठीखाली पुणे, बोरघाट, पनवेल सगळं गडप! आणि पुण्याच्या विमानतळाचं लोहगाव? ते दोऱ्याच्या जाडीत. (विमान उडतं दहा-अकरा किलोमीटर उंचीवर. आमच्या घरून लोहगाव त्याहून लांब. आकाश जवळ पडतं.)

पण त्या गाठीला किती वेळ धरायचा, हे कुणी सांगेना. विमान रात्री दोनचं. समोरच्या बिऱ्हाडातले काका म्हणाले, "दुपारी चारला निघा." त्यांच्या सौ. म्हणाल्या, "तीनला. नवले पुलावर अडकलात तर?" गाडीवाल्याने दोघांनाही मोडीत काढलं. "काका, जेवून लगेच बसा. घाटात ट्रक बंद पडला तर मला बोलू नका." थोडक्यात, साडेबारा इंचांना १६ तास आणि गाठीला १२.

आम्ही जेवून लगेच बसलो. घाटात ट्रक बंद पडला नाही, नवले पूल मोकळा, वाशीला वाराही लागला. संध्याकाळी सहालाच विमानतळाबाहेर हजर. आत इतक्या लवकर घेईनात. मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाल्याने बरोब्बर तेवीस-तेवीस किलो भरलेल्या बॅगांवर आम्ही दोघं बसून राहिलो.

हिने पर्समधून तोच लाल दोरा काढला आणि पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून बॅगेच्या मुठीला बांधला. करकचून दोन गाठी मारल्या.

"अगं, एक पुरे."

"दुसरी परतीची."