चोवीस तास पाणी

मराठी मध्यमवर्गाला सुट्टी मे महिन्यात मिळते आणि सह्याद्रीला पाणी जूनमध्ये. या दोन खात्यांचा आपसात काहीही पत्रव्यवहार नाही. पाणी येतं तेव्हा मुलांच्या चाचण्या असतात, घाटात दरडी असतात आणि धबधब्यापाशी जमावबंदीचा फलक असतो. फलक नसेल तिथे जमाव असतो. त्यामुळे धबधबा निवांत, सहकुटुंब आणि रजा मंजूर करून घेऊन पाहणं हे आपल्याकडे कुणाला जमलेलं नाही. ते जमवून दाखवायचं मी मार्चमध्येच ठरवलं. सहलीच्या नियोजनात आमच्या नात्यागोत्यात माझा शब्द शेवटचा असतो. निदान तोवर असायचा.

"उन्हाळ्यात धबधबा? म्हणजे ठोसेघरला जाऊन दगड बघायचे?" दाजी म्हणाले. दाजी बँकेत आहेत. कुठलाही प्रस्ताव समोर आला की त्यांना आधी थकबाकी दिसते. मी त्यांना शांतपणे समजावलं, की ठोसेघर, आंबोली, लिंगमळा ही सगळी हंगामी मंडळी. पाऊस संपला की दोन-चार महिन्यांत नुसता कडा उरतो. आपल्याला मोठ्या नदीवरचा धबधबा पाहिजे आणि तो म्हणजे जोग. शरावती नदी, 253 मीटरची उडी, राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा चार धारा. "एवढा जगप्रसिद्ध धबधबा कुणी कोरडा ठेवील का?" यावर दाजींकडे उत्तर नव्हतं. म्हणजे ते काहीतरी बोलले, पण तोवर मी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं होतं.

सासरे मात्र खुलले. ते भूगोलाचे मास्तर. जोगच्या अलीकडचा कारवारचा मुलूख 1862 पासून मुंबई इलाख्यात होता आणि 1956 पर्यंत मुंबईलाच जोडलेला होता, त्यामुळे 'गिरसप्पाचा धबधबा, उंची 830 फूट' हे त्यांनी लहानपणी छड्या खाऊन पाठ केलं होतं आणि पुढे नोकरीत छड्या देऊन पाठ करून घेतलं होतं. पाहिला मात्र कधीच नव्हता. "जावईबापू, एकदा डोळ्यांनी बघायचाय," ते म्हणाले. मग तर माघारीचा प्रश्नच नव्हता.

मी अभ्यास सुरू केला. जो तो सांगत होता, की जोगला पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता जावं. यातून मी एवढाच बोध घेतला, की तेव्हा गर्दी असणार. फोटोंमध्येही पाणी नुसतं उसळत होतं. फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे फोटोवर लिहायची पद्धत नाही, याला मी काय करणार?

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून मी तिकडच्या लॉजवर फोन लावला. मला कन्नड येत नव्हतं, पलीकडच्याला मराठी येत नव्हतं आणि हिंदी आम्हा दोघांनाही बेताचीच. मी विचारलं, "मई महिने में पानी रहता है ना?" तो ठणकावून म्हणाला, "ट्वेंटी-फोर अवर्स वॉटर, सर! हॉट वॉटर मॉर्निंग सिक्स टू नाइन." गरम पाण्याचं ऐकून मी क्षणभर थबकलो. पण आपल्या वज्रेश्वरीला नाहीत का कुंडं? तिथेही असतील. वहीत लिहिलं, 'पाणी : चोवीस तास. खात्री केली.' खाली दुहेरी रेघ मारली.

पुढची खरेदी रेनकोटांची. धबधब्याचे तुषार लांबवर उडतात, हे वाचलं होतं. एप्रिलच्या भर दुपारी दुकानदारानं शिडी लावून माळ्यावरचा गठ्ठा खाली घेतला, फडक्यानं धूळ झटकली आणि घाम पुसत विचारलं, "कुठं पडायला लागलाय साहेब?" त्याला मी जोगची सगळी माहिती दिली. बिगरहंगामी म्हणून त्यानं भाव पाडून दिला. मला ते नियोजनाचं पहिलं यश वाटलं. शिवाय मोबाईल गळ्यात अडकवायच्या जलरोधक पिशव्या घेतल्या, प्रत्येकाला एक. बायको एवढंच म्हणाली, "अहो, तिकडं जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा की." मी वहीतली दुहेरी रेघ दाखवली.

ट्रॅव्हलर ठरली. आत्याच्या तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि रेनकोटांचा गठ्ठा एवढं सगळं घेऊन आम्ही सांगलीहून पहाटे निघालो. हुबळीला चहाच्या वेळी चालकानं मला बाजूला घेतलं. "साहेब, गोकर्णला नेऊ का? तिकडं पाणी आहे." समुद्राला पाणी असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गोकर्णात याचं कमिशन ठरलेलं असणार, हे मी लगेच ओळखलं आणि त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो जोगपर्यंत एक अक्षर बोलला नाही. शिरसीनंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गर्द झाडी आणि सुपारीच्या बागा लागल्या, तशी सगळ्यांची कळी खुलली. लॉजवर मुक्काम झाला. सकाळी सहा ते नऊ नळाला गरम पाणी आलं, तेव्हा मला पोटात जरा कसंसंच झालं, पण ते मी पुऱ्यांवर ढकललं.

धबधब्याच्या वाहनतळावरच मी रेनकोट चढवायला लावले, कारण तुषारांनी गाठल्यावर गडबड नको. मे महिन्याचं अकराचं ऊन, आणि लाल, पिवळ्या, निळ्या रेनकोटांतली आमची मिरवणूक कठड्याकडे निघाली. एक अननसवाला फोडी कापत होता. त्याची सुरी फळात तशीच राहिली. आत्यानं टोपीसुद्धा चढवून हनुवटीखाली नाडीची गाठ मारली होती.

समोर खडक होता. तांबूस-काळा, भव्य, दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. राजाच्या जागी शिवणाच्या दोऱ्याएवढी धार लोंबत होती आणि वारा आला की तीही बाजूला सरत होती. राणी बहुधा माहेरी गेली होती. रोअररचा घसा बसला होता. भाचा बराच वेळ डोळे बारीक करून बघत होता. शेवटी म्हणाला, "मामा, रॉकेट कधी सुटणार?"

बायको माझ्याकडे वळली. तिच्या गळ्यातल्या जलरोधक पिशवीला आतून वाफ धरली होती. "चोवीस तास ना?" एवढंच ती म्हणाली.

उलगडा अननसवाल्यानं केला. हात वरच्या अंगाला करून तो म्हणाला, "पानी डॅम में है." नदी अडवून लिंगनमक्कीचं धरण 1964 साली पुरं झालं, तेव्हापासून शरावतीचं पाणी आधी वीज करतं आणि उरलंसुरलं उडी मारायला येतं. म्हणजे आदल्या रात्री लॉजच्या खोलीत जो पंखा गरगरत होता, तोच आमचा धबधबा. त्याच्याखाली आम्ही गाढ झोपलो होतो आणि भाड्यात तो धरलेला होता, हे मी सगळ्यांना पटवायचा प्रयत्न केला. इतक्यात आत्यानं सांगायला घेतलं, की सीतामाईला तहान लागली म्हणून रामानं बाण मारून हीच नदी वर काढली. "राम होता बाई तिच्याबरोबर," असं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीबंद पाणी आणायला गेलो.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलेना. वातावरण निवळावं म्हणून मी कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा किस्सा सांगितला. तो ऑगस्टात जोगला गेला होता आणि धुकं असं दाटलं, की दिवसभर उभं राहून त्याला फक्त आवाज ऐकायला मिळाला. आम्हाला निदान कडा तरी दिसला. हा मुद्दा बिनतोड होता, पण दाजींनी ट्रॅव्हलरच्या भाड्याचा हिशोब मोठ्यानं वाचायला काढला.

माझ्या मदतीला धावले ते सासरे. "छान झालं," ते म्हणाले. "पाणी मध्ये नव्हतं, म्हणून उंची नीट दिसली. आठशे तीस भरतात हो." हे वाक्य मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या फोटोसकट टाकलं. फोटोत ते निळ्या रेनकोटात आहेत आणि खरोखरच समाधानी दिसताहेत. त्याला अंगठा फक्त मी दिला.

त्यानंतर ग्रुपचं ॲडमिनपद दाजींकडे गेलं आणि माझ्याकडे चिवड्याचं खातं आलं. दाजींनी पुढचा बेतही जाहीर केला आहे : 15 ऑगस्टला जोडून रजा, मिरजेहून गोव्याची गाडी आणि बसल्या जागी खिडकीतून 310 मीटर उंचीचा दूधसागर. येताना आंबोलीमार्गे बस. ऐन पावसाळा, ऐन सुट्टी, घाटातली पायपीट नाही. बेतात खोट काढायला जागा नाही, आणि ग्रुपवर अंगठ्यांचा नुसता पूर आला आहे. मी फक्त त्यांनी काढलेल्या तिकिटांवरची गाडी वेळापत्रकात पाहून ठेवली. ती दूधसागरवरून मध्यरात्रीनंतर, उजाडायच्या बऱ्याच आधी जाते. पण नियोजन आता माझ्याकडे नाही. चिवड्यात दाणे जास्त घालू की डाळं, एवढंच मी त्यांना विचारलं आहे.