अर्धा श्लोक पुरे

संस्कृत येत नसले तरी शास्त्राधार देता येतो. किंबहुना ज्याला येत नाही त्यालाच तो ठणकावून देता येतो. मात्र या विद्येचे काही नियम आहेत. ते न शिकताच लोक सभेत उभे राहतात, भाबडेपणाने अख्खा श्लोक म्हणून टाकतात आणि पुढे तोंडघशी पडतात. अशांसाठी ही मोफत शिकवणी.

नियम पहिला. निर्णय आधी घ्यावा, वचन मागाहून शोधावे. उलट क्रमाने गेल्यास ग्रंथ वाचावा लागतो.

नियम दुसरा. कुठे थांबायचे ते ठाऊक हवे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला 56वा श्लोक घ्या. मांस-मद्यात दोष नाही, असे मनू आधी सांगतो. ती प्राणिमात्राची ओढच आहे, पण सोडाल तर मोठे फळ, असे नंतर. रविवारी मटणाच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी वरची ओळ घ्यावी. मांसाहारी भाडेकरू नको म्हणणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी खालची. सेक्रेटरीच रांगेत दिसले, तर अख्खा श्लोक त्यांचा!

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47वा श्लोकही असाच बहुगुणी. पगारवाढ मागायला आलेल्या माणसाला साहेब तो ऐकवतात: काम तुमचे, फळाचे नाव काढू नका. त्याच श्लोकाचा चौथा चरण काम टाळण्याच्या ओढीबद्दल बजावतो, पण तो साहेबांच्या केबिनपर्यंत पोचत नाही. साहेबांचा बोनस अर्थातच फळात मोडत नाही. तो प्रसाद असतो.

नियम तिसरा. एकमेकांवर उठणारी वचने एकाच दिवशी बाहेर काढू नयेत. स्त्रीचा मान राखला जातो तिथे देव प्रसन्न असतात, हे मनूच्या तिसऱ्या अध्यायातले वचन 8 मार्चच्या फ्लेक्सवर शोभते. स्त्रीला स्वातंत्र्य नको, हे नवव्या अध्यायातले. ते 9 मार्चपासून घरात वापरावे. मध्ये सहा अध्यायांचे अंतर ठेवून मनूनेही वाचकाची सोयच पाहिली आहे.

नियम चौथा. गैरसोयीचे वचन अंगावर आले तर ‘कलिवर्ज्य’ म्हणावे. पूर्वी चालत होते पण कलियुगात चालणार नाही, अशा गोष्टींची यादीच जुन्या शास्त्रकारांनी करून ठेवली आहे. समुद्रप्रवासाचीही अडचण त्या यादीत आहे. पण मुलगा न्यू जर्सीला असल्यास तेवढे पान उलटावे. विमान कुठे समुद्राला शिवते?

नियम पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा. वचन नेहमी समोरच्याला लागू करावे. संयम सुनेने पाळावा, त्याग कामगाराने करावा, सोवळे शेजाऱ्याने सांभाळावे. आपण फक्त अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक सांगावा.

हा नियम मोडला की काय होते, ते ईश्वरचंद्र विद्यासागरांकडे पाहून कळते. 1855 मध्ये त्यांनी पराशरस्मृतीतले वचन काढून विधवाविवाहाला आधार दाखवला. हे वचन नुसते लग्न ठरलेल्या मुलीपुरते आहे, असे विरोधकांनी त्याच वचनावरून सांगितले. 1856 मध्ये कायदा झाला. इथवर सगळे रीतसर होते: विधवांचे हाल पाहून मत आधी बनले, श्लोक नंतर सापडला. पण पुढे गृहस्थ बिघडले. ही लग्ने लावून देता देता कर्जात बुडाले आणि 1870 मध्ये मुलाने विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांना चक्क अभिमान वाटला! दुसऱ्यांना दाखवलेले वचन स्वतःच्या घराला आणि स्वतःच्या खिशाला लावायचे, म्हणजे या विद्येची अब्रूच गेली.

असा माणूस भेटल्यास वाद घालू नये. त्याला गप्प करील असा अर्धा श्लोकसुद्धा आपल्यापाशी नसतो.